रिकाम्या खुर्चीचे अध्यक्ष

मला खोली भाड्याने देण्याआधी आमच्या घरमालकांनी ती किती वाईट आहे हे सविस्तर सांगितलं. पत्रा उन्हाळ्यात तापतो, पावसाळ्यात वाजतो. समोर हमरस्ता, हैदराबाद-नागपूरचे ट्रक ढाब्यापाशी थांबतात आणि निघताना उगाच हॉर्न देतात. "आनि आमच्या घरातल्या बाईचा आवाज," ते म्हणाले, "त्या हॉर्नाच्या वरताण हाय." आत कुणीतरी भांडं आपटलं.

तेलुगू मुलखात, आदिलाबादजवळ असलेल्या इचोड्याच्या मराठी शाळेत मी नव्याने रुजू झाले होते. मंचेरियलहून येताना सोबत एक ट्रंक होती आणि पुस्तकांचं एक पोतं. दुसरी खोली शोधावी म्हणून मी उठले, तर ते म्हणाले, "बसा, टीचर. न घेनाऱ्याची बाजू मी मांडली. आता देनाऱ्याची तुमी मांडा. ही खोली काऊन घ्याव?"

मी मुळात बोलणारी नाही. तरी कसंबसं म्हटलं की खिडकी पूर्वेला आहे, अंगणात कडुलिंब आहे, शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे. आणि आतल्या बाईंचा आवाज एवढा मोठा असेल तर एकटीने राहायला भीती वाटणार नाही. आतून हसणं ऐकू आलं. "घेतली खोली," ते म्हणाले. "सभा तहकूब."

गेल्या महिन्यात ते गेले. त्यांच्याविषयी काही लिहावं असं त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी सांगितलं, आणि लगेच बजावलं, "आधी खराब लिवा. नाई तं त्यायले चालनार नाई." म्हणून सुरुवात खोलीपासून केली. पत्रा खरोखरच वाजायचा.

सगळं गाव त्यांना अध्यक्ष म्हणायचं. आयुष्यात ते कशाचेही अध्यक्ष नव्हते. तहसिलीत कारकून होते. तहसील मोडून मंडल झालं तेव्हा मंडलात गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण संध्याकाळी रेडिओवर विधानसभेची हकिकत लागली की ते कानामागे हात धरून ऐकायचे. तेलुगूत आमदार सभापतींना "अध्यक्षा!" अशी हाक देऊन बोलायला उठतात, ती हाक त्यांना फार आवडायची. पुढे ते सगळ्यांनाच तशी हाक देऊ लागले. दूधवाला अध्यक्षा, बसचा कंडक्टर अध्यक्षा, कुंपणात शिरलेली म्हैस अध्यक्षा. लोकांनी ती हाक त्यांच्यावरच उलटवली.

दर रविवारी कडुलिंबाखाली त्यांची सभा भरायची. मधोमध तहसिलीच्या लिलावातून आणलेली एक हाताची खुर्ची. दुसरा हात लिलावाआधीच तुटला होता. त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. बोलणाऱ्याने तिच्याकडे तोंड करून बोलायचं. माणसाकडे पाहून बोललं की भांडण होतं, खुर्चीकडे पाहून बोललं की भाषण होतं, असं त्यांचं म्हणणं. घरातलं मांजर मात्र हा नियम पाळत नसे. कितीतरी सभा त्याच्याच अध्यक्षतेखाली झाल्या.

दुसरा नियम अवघड होता. कुठल्याही विषयावर ज्याचं जे मत, त्याच्या विरुद्ध बाजू त्याने आधी मांडायची. ती इतकी चांगली मांडायची की समोरच्याने "हेच मले म्हनायचं व्हतं" असं कबूल केलं पाहिजे. मग काकूंचा चहा. आपली स्वतःची बाजू चहानंतर. पुष्कळदा चहानंतर बोलायला कुणी उठतच नसे. "झालं का समाधान?" असं ते विचारायचे, आणि लोक कपबश्या विसळून घरी जायचे.

एकदा मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराला त्यांनी विरुद्ध पक्षाची बाजू मांडायला सांगितलं. तो गृहस्थ हार घालून घ्यायला वाकलेला होता, तसाच सरळ झाला, घड्याळात पाहिलं आणि गाडीत जाऊन बसला. हार अध्यक्षांच्या हातातच राहिला. मग तो खुर्चीला घातला.

ही सवय घरातही होती. भांडण सुरू झालं की ते काकूंना म्हणायचे, "थांब. आता तू माह्यं बोल, मी तुह्यं बोलतो." काकू कमरेवर हात ठेवून त्यांचा आवाज काढायच्या: "अध्यक्षा, माही बायको बरोबर बोलून राह्यली पन मले कबूल कराले लाज वाटून राह्यली!" तिथेच भांडण संपायचं. बाजारात मात्र काकूंनी त्यांना पाठवणं सोडून दिलं होतं. भाव करायला जायचे आणि वांगेवालीचीच बाजू मांडायला लागायचे. ऊन किती, पाणी कुठून आणलं, टोपली डोक्यावर कुठवर वाहिली. ऐकून तिचेच डोळे भरायचे. तिने सांगितल्यापेक्षा जास्त भाव देऊन ते किडकी वांगी घेऊन यायचे.

काकूंच्या एका गोष्टीला मात्र हा नियम लागू पडत नव्हता. ती गोष्ट म्हणजे पुंडलिक, त्यांचा धाकटा भाऊ.

पुंडलिक गवंडी होता आणि हाताने चांगला होता. पण तो शिंदीच्या डेपोवर जायचा. आमच्याकडे ताडी-शिंदीला तेलुगू लोक कल्लू म्हणतात, आणि ती विकण्याचं दुकान म्हणजे डेपो. शिंदीची झाडं थोडी, पिणारे पुष्कळ. म्हणून गिलासात झाडाचं थोडं, नळाचं जास्त, वर सॅकरिन आणि झोपेची पावडर. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पिणाऱ्याची मान छातीवर पडायची, आणि एखादा दिवस मिळाली नाही की हात थरथरायचे, झोप उडायची, भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसायच्या. त्याची ओढ झाडाच्या रसाची नव्हती, पावडरची होती. आमच्या शाळेच्या कंपाउंडची भिंत पुंडलिकने त्याच काळात बांधली. ती मधोमध पोट काढून उभी होती. मुलं तिला गरोदर भिंत म्हणायची.

घरात बुद्धवंदना व्हायची तेव्हा पुंडलिकही येऊन बसायचा. चार शीलं नीट म्हणायचा. पाचवं, नशेपासून दूर राहण्याचं, आलं की त्याला खोकला यायचा. अध्यक्ष स्वतः चहासुद्धा अर्धा कपच घेणारे, पण त्या खोकल्यावर ते कधी बोलले नाहीत. काकू बोलायच्या.

राज्यात दारूबंदी येऊन गेली होती आणि आता शिंदीची पाळी होती. एक पक्ष म्हणे, आम्हाला निवडून द्या, डेपो बंद आणि पिणारा आत. दुसरा म्हणे, हा लोकांचा पिढीजात धंदा, हात लावाल तर बघा. गावातल्या बायका पहिल्या बाजूच्या होत्या आणि काकू त्यांच्या पुढे. "सील ठोका त्या डेपोले," त्या म्हणायच्या, "अन् पेनाऱ्यायले टाका आत. चार दिवस बिनशिंदीचे ऱ्हायले का येतेत ठिकानावर."

अध्यक्षांचं मत निराळं होतं. एकदा ओसरीवर पेपर वाचता वाचता ते मला म्हणाले, "टीचर, पंचशीलात आपन काय म्हनतो? मी दूर ऱ्हाईन. शेजाऱ्याले बांधून ठेवीन, असं कुठंसा म्हनतो आपन? पावडर विकनाऱ्याले धरा नं. पेनारा तं बिमार हाय." पण हे ते सभेत आधी बोलू शकत नव्हते. नियम त्यांचाच होता.

त्या रविवारी विषय ठरला: डेपो आणि पिणारे. डेपोवाल्या गौडलाही बोलावलं होतं. त्याला मराठी बेताचंच यायचं, म्हणून अध्यक्ष हिंदीत उभे राहिले आणि त्यांनी पिणाऱ्यांना तुरुंगात टाकावं ही बाजू मांडली. इतकी वर्षं झाली, पण तसं भाषण मी पुन्हा ऐकलं नाही. बायकोचं मंगळसूत्र, पोराची फी, डेपोपाशी गटारात पडलेला बाप, सगळं त्यांनी त्या एकहाती खुर्चीपुढे ठेवलं. "अध्यक्षा! मेरा खुद का साला होगा तो भी मत छोड़ो! एक एक को हथकड़ी डालो!" काकूंनी टाळ्या वाजवल्या. त्यांचंच मत होतं ते. पारावर बसलेला पुंडलिक पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

कुंपणाबाहेर एक मोटारसायकल थांबली होती. नवे सब-इन्स्पेक्टर, तरुण, वरंगलकडचे, गावाची माहिती करून घेत फिरत होते. त्यांनी ते भाषण शेवटपर्यंत ऐकलं, मान डोलावली आणि गाडी सुरू करून निघून गेले.

मग काकूंची पाळी आली. त्यांना डेपो चालू ठेवण्याच्या बाजूने बोलायचं होतं.

"मी त्या शिंदीच्या बाजूनं बोलू? जीभ झडून जाईन माही!"

"मंग चहानंतर बी बोलू नको," अध्यक्ष म्हणाले.

काकू बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. मग उठल्या आणि खुर्चीकडे तोंड केलं. आवाज एकदम खाली आला होता. "अध्यक्षा, समजा मी पुंडलिक हो. मले शिंदी आवडत नाई. तिची चव बी मले समजत नाई आता. सकाळी उठलो का हे हात माहे नसतेत. एक गिलास पेलो का वापस येतेत. तवा कुठं थापी धरतो मी. तुमी डेपो बंद करून राह्यले, करा. पन माहे हात मले कोन देईन?"

गौड खाली पाहत होता. पारावरून पुंडलिक म्हणाला, "हेच मले म्हनायचं व्हतं, बाई." तो मोठ्या बहिणीला बाई म्हणायचा. काकू चहा ठेवायला आत गेल्या, त्या लवकर बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी डेपोला सील लागलं. तिथे रांगेत उभे असलेले सगळे पोलिसांनी गाडीत घातले. त्यात पुंडलिक होता.

दुपारी शाळेतून येते तो काकू दारात उभ्या. "टीचर, मी म्हनत व्हती तसंच झालं," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. "डेपो बी बंद झाला, भाऊ बी आत गेला. आता तो आत तडफडून राह्यला आसन." अध्यक्ष सदऱ्याची बटणं लावत होते. ती वरखाली लागली होती. "चला, टीचर. तुमाले इंग्रजी येते. लागलं तं बोला." मला त्या दिवशी इंग्रजीचा एक शब्दही बोलावा लागला नाही.

पोलीस स्टेशनात ते तरुण सब-इन्स्पेक्टर, म्हणजे एसआय, उठून उभे राहिले. हात पुढे केला. "आइए, आइए! आप ही का भाषण सुनके उठाया मैं इनको. क्या जोरदार बोले आप कल! गाँव में ऐसे बुजुर्ग होना."

"वो मैं नहीं था, साब," अध्यक्ष म्हणाले.

"क्या बात करते? मेरे कान से सुना मैं."

"वो सामनेवाले की बाजू थी. मेरा खुद का भाषण चाय के बाद था. आप चाय के पहले चले गए."

एसआयनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खरंच तसं होतं, आणखी काय सांगणार? "तो क्या मैं चाय के लिए रुकता था?" ते ओरडले.

तेवढ्यात कोठडीचे गज वाजले. कुणी हलवत नव्हतं. पुंडलिकने ते धरले होते आणि त्याच्या हातांची थरथर गजांत उतरली होती. त्याच्यामागे एक जण भिंतीवरून काहीतरी वेचून खिशात टाकत होता, आणि एक जमिनीवर ताठ पडून तोंडाने फेस काढत होता. म्हातारा हवालदार लांब जाऊन उभा राहिला. एसआय गजांपाशी गेले. त्यांचा चेहरा उतरला. मला तेव्हा कळलं की ते माझ्याच वयाचे आहेत.

त्यांची खुर्ची रिकामी झाली होती. अध्यक्ष वळले आणि त्या खुर्चीशी बोलू लागले.

"अध्यक्षा! पहले मैं साब की बाजू बोलता. मैं नया हूँ. कायदे से काम किया. औरतों ने माँगा था, बुजुर्ग ने भाषण दिया, मैंने उठाया. अब ये लोग मेरी कोठड़ी में काँप रहे हैं. इसमें का एक मर गया तो मेरी वर्दी गई. और छोड़ दिया तो कल सारा गाँव बोलेगा, गौड़ से पैसा खाया. पकड़ूँ तो मरण, छोड़ूँ तो मरण. मेरी माँ ने इसके लिए पढ़ाया था क्या मेरेको?"

एसआय गजांना पाठ टेकून ऐकत होते. "हाँ," ते हळूच म्हणाले. "यही है. आगे बोलो."

"आगे आपको बोलना है, साब. मेरी बाजू."

हवालदाराने तोंडावर रुमाल धरला. एसआयनी टोपी काढली, टेबलावर ठेवली, आणि एखाद्या विद्यार्थ्यासारखे आपल्याच खुर्चीपुढे उभे राहिले. "अध्यक्षा," असं त्यांनीही म्हटलं; तेलुगूच होते, शब्द सहज आला. "ये लोग चोर नहीं हैं. इनको दवाखाना होना. पावडर किधर से आता, वो मैं गौड़ से पूछता." मग एकदम आवाज चढवून हवालदाराला, "खड़ा क्या है? जीप निकाल!"

जीपमध्ये सगळे मावत नव्हते. फिट आलेला आणि मुंग्या वेचणारा जीपमधून पुढे गेले. बाकीच्यांसाठी ढाब्यावरचा एक सरदारजी ड्रायव्हर तयार झाला. ट्रकमध्ये कापसाच्या गाठी होत्या. त्यांच्यावर थरथरणारी माणसं, त्यांना धरून घरून धावत आलेल्या काकू, फडक्यात भाकरी, आणि मधोमध अध्यक्ष. मी पुढे बसले होते. वाटेतलं गुडीहत्नूर येईपर्यंत मागून त्यांचं भाषण ऐकू येत होतं. चहानंतरचं, त्यांचं स्वतःचं. ऐकायला कोण शुद्धीवर होतं कोण जाणे. "बुड्ढा क्या बोल रहा है?" सरदारजींनी विचारलं. मी म्हटलं, अपनी बाजू बोल रहे हैं. ते म्हणाले, बोलने दो, आवाज से नींद नहीं आती मेरेको.

आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, ही नशा एकदम तोडायची नसते. जीव जाऊ शकतो. गोळ्या द्यायच्या आणि पायरी पायरीने कमी करत आणायच्या. काकूंनी ते पुन्हा पुन्हा विचारून पाठ केलं. पुढे गावात कुणी "बंद करा, आत टाका" म्हणालं की त्या उलट विचारायच्या, "अन् गोळ्या कोन देईन, तुहा बाप?"

सगळेच सुटले, असं नाही. निवडणूक झाली, सील निघालं, डेपो चालू झाला आणि काही जण पुन्हा तिथे दिसू लागले. गौडने पावडर सोडल्याचं शपथेवर सांगितलं. त्याच्यावर कुणी पुरता विश्वास ठेवला नाही. रेडिओवर विधानसभेत चर्चा चालूच होती. अध्यक्ष रेडिओला कान लावून खिन्नपणे म्हणायचे, "पाहा टीचर, सगळे आपापलीच बाजू बोलून राह्यले. यानं कसं होईन?"

पुंडलिक मात्र बहिणीकडेच राहिला. रोज सकाळी अध्यक्ष त्याला कडुलिंबाखाली उभं करायचे आणि त्याचाच ओळंबा त्याच्या हातात द्यायचे. ओळंबा म्हणजे गवंड्याची ती दोरी, खाली पितळी वजन लावलेली. भिंत सरळ आहे का ते पाहायची. भिंत नसायची, नुसता हात. वजन घड्याळाच्या लंबकासारखं झुलायचं. "साक्षीदार अजून घाबरून राह्यला," अध्यक्ष वजनाकडे पाहून म्हणायचे. "उद्या पेशी." दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुंडलिक शिव्या द्यायचा, दोरी फेकून जायचा, जेवायला परत यायचा. शेजारपाजारचे दात घासता घासता कुंपणाशी उभे राहून पैजा लावायचे.

एका सकाळी मी शाळेला निघाले होते. पुंडलिक हात लांब करून उभा होता आणि वजन झाडाच्या सावलीत नुसतं लटकत होतं. अध्यक्ष श्वास धरून उभे. काकू दारात, हातात उलथणं. कुंपणावरचा एक जण म्हणाला, "वारा नाई म्हनून." अध्यक्ष भडकले. "वाऱ्याची बाजू नंतर!" मग ते एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. त्या सुट्टीत पुंडलिकने शाळेची भिंत पाडून पुन्हा बांधली. मुलांना थोडं वाईट वाटलं.

एसआय बदली होईपर्यंत अधूनमधून रविवारी यायचे. कुंपणापाशी गाडी थांबवून आधी विचारायचे, "चाय हो गई क्या?" झाली असेल तरच आत यायचे.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी आदिलाबादहून गेले; आता मी तिथेच राहते. वंदना झाली. पाचव्या शीलाला सगळ्यांचं लक्ष पुंडलिककडे गेलं. तो आता पिकल्या केसांचा, गावातला मोठा मिस्त्री. त्याने ते शील सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. मग लोक श्रद्धांजलीसाठी उठू लागले तेव्हा काकूंनी हात वर केला. "नियम मोडू नका. आधी विरुद्ध."

कडुलिंबाखाली तीच खुर्ची होती. वांगेवाली आली होती. ती म्हणाली, असं गिऱ्हाईक असलं तर भाव कसा करायचा हेच मी विसरून गेले. दूधवाला म्हणाला, मला म्हशीच्या ओळीत बसवलं. कुणी म्हणालं, मतदान कुणाला केलं ते मरेपर्यंत समजू दिलं नाही. पुंडलिक म्हणाला, "अध्यक्षा, सख्ख्या भाऊजीनं भाषन करून मले कोठडीत टाकलं. असा मानूस दुश्मनाले बी नको." लोक डोळे पुसत हसत होते. मी पत्र्याविषयी बोलले. काकू सगळ्यांत शेवटी म्हणाल्या, "माह्यासंगं भांडाले आता कोनी नाई ठेवलं त्यायनं," आणि घाईघाईने पुढे, "चहा ठेवते. कोनी चहाच्या आधी जाऊ नका. मांगं एक गेला व्हता."

चहा झाला. आता ज्याची त्याची बाजू. कुणी उठेना.

पुंडलिक उठला. पिशवीतून त्याने ओळंबा काढला, खुर्चीसमोर गेला आणि हात लांब केला. वजन जरा फिरलं, मग थांबलं. तुटक्या हाताच्या बाजूला ते तसंच लटकत राहिलं, हलेना. वारा होता; कडुलिंबाची पानं हलत होती. काकूंनी पदर तोंडाला लावला.

खुर्चीवर मांजर बसलं होतं, जुन्या मांजराच्या पुढच्या कुठल्यातरी पिढीतलं. त्याने त्या पितळी वजनाकडे बराच वेळ निरखून पाहिलं, पंजा उचलला आणि एक टप्पल मारली. वजन झुललं.

सगळं अंगण हसलं. पुंडलिक सगळ्यांत मोठ्याने.

"सभा तहकूब," काकू म्हणाल्या.